लाल अधिक निळा बरोबर चॉकलेटी

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं, दीड-दोनला नाशकात पोचायचं, शनिवारी दुपारपर्यंत ताणून द्यायची आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा बस पकडायची, असा माझा महिन्यातून दोनदा होणारा कार्यक्रम. त्यातला ताणून देण्याचा भाग गेली दोनेक वर्षं फक्त कागदावर उरलाय. ताई दोन गल्ल्या सोडून राहते, आणि तिची चिऊ (वय वर्षं चार, ज्युनिअर केजी, खरं नाव वेगळं) मामाचा वास लागल्यासारखी सकाळी साडेसातला येऊन छातीवर बसते.

त्या शनिवारी ती आली ती हातात एक कागद घेऊनच. शाळेचं वर्कशीट. तीन ओळी. प्रत्येक ओळीत दोन रंगीत गोळे, मध्ये अधिकचं चिन्ह, मग बरोबरचं चिन्ह आणि शेवटी एक रिकामा गोळा. लाल अधिक पिवळा, पिवळा अधिक निळा, लाल अधिक निळा. रिकाम्या गोळ्यात योग्य तो रंग भरायचा. चिऊने पहिल्यात नारंगी भरला होता, दुसऱ्यात हिरवा आणि तिसऱ्यात चॉकलेटी. तिसऱ्यावर लाल पेनाने फुली, शेजारी इंग्रजीत 'पर्पल' असं लिहिलेलं, आणि खाली एक रडका चेहरा.

कागद माझ्या नाकासमोर धरून तिने विचारलं, "मामा, पर्पल कुठाय?"

मी अर्धवट झोपेत म्हटलं, "अगं, तू चॉकलेटी भरलास ना, तिथे जांभळा पाहिजे होता."

"ते माहितीये. पण पर्पल कुठाय?"

मग तिने कागद उलटा केला. मागच्या बाजूला कोपऱ्यात तिने लाल खडूने एक ठिगळ रंगवलं होतं आणि त्यावर निळा खडू घोटला होता. चांगला दाबून, मेण चकाकेपर्यंत. तिथे जे काही तयार झालं होतं त्याला जांभळा म्हणायला जीभ रेटली नसती. मळकट, काळपट, तपकिरीकडे झुकणारं काहीतरी. तिच्या पेटीतल्या चोवीस खडूंपैकी त्याला सगळ्यात जवळचा खडू चॉकलेटीच होता.

आता बघा, ह्या पोरीने काय केलं. वाचता येत नसताना नुसती चित्रं बघून प्रश्न समजून घेतला. प्रयोग केला. निकाल पाहिला. पेटीतल्या चोवीस नगांशी ताडून पाहिला आणि जो जुळला तो उत्तर म्हणून भरला. माझ्या माहितीप्रमाणे ह्याला विज्ञान म्हणतात. त्याबद्दल तिला रडका चेहरा मिळाला. वर्गातल्या ज्या पोरांनी काहीही न मिसळता, टीचरनी काय सांगितलं होतं ते आठवून जांभळा खडू उचलला, त्यांना चांदणी.

झोप उडाली, हे सांगायला नकोच.

तरी म्हटलं, आधी आपण खात्री करून घेऊ. मेणाचे खडू नीट मिसळत नाहीत, वरचा थर खालच्याला झाकतो, तेव्हा ते पुरावा म्हणून कच्चे. दिवाळीत पणत्या रंगवायला आणलेल्या पोस्टर कलरच्या बाटल्या ताईकडे पडून होत्या, त्या घेऊन आम्ही बाथरूममध्ये ठाण मांडलं. भडक लाल आणि नेहमीचा गडद निळा, दोन्ही एकेक चमचा. चिऊने ढवळलं. रंग आला... आमसुलं भिजत घातल्यावर तळाशी जो गाळ बसतो ना, तसा. पांढरा घालून पाहिला तर राखाडी-मातकट झाला. मग एका जुन्या पेटीत माझ्या शाळेच्या काळातली क्रिमसनची वाळत आलेली ट्यूब सापडली. (एलिमेंटरीच्या ड्रॉइंग परीक्षेत मला 'सी' ग्रेड मिळाली होती, त्या वैभवाची ती एकमेव खूण.) त्या लालमध्ये निळा घातल्यावर बरा जांभळा आला. आणि शेवटी आजीने रंगपंचमीचा उरलेला राणी रंग पुडीत बांधून ठेवला होता तो आणून दिला. पाण्यात कालवून त्यात निळ्याचे चार थेंब टाकले मात्र, असा लखलखीत जांभळा आला की चिऊ ओरडलीच, "हा पर्पल!"

ह्यामागची भानगड फार अवघड नाही, पण कुणी सांगत नाही म्हणून जरा सांगतो. लाल रंग लाल दिसतो, कारण पांढऱ्या उजेडातला हिरवा आणि निळा भाग तो गिळतो आणि लाल तेवढा परत पाठवतो. आपला नेहमीचा निळा रंग लाल भाग गिळतो आणि हिरव्यातलाही बराचसा. दोघांना एका वाटीत घातलं की एकाने सोडलेलं दुसरा गिळतो. मग उरतं काय? अंधार, नाहीतर अंधाराचा धाकटा भाऊ चॉकलेटी. जांभळा दिसायचा तर लाल आणि निळा दोन्ही उजेड डोळ्यापर्यंत परत यायला हवेत, गिळला जायला हवा तो फक्त हिरवा. हे काम लाल रंगाचं नाही, मॅजेंटाचं आहे. साड्यांच्या दुकानात ज्याला राणी कलर म्हणतात तो त्याचा अगदी जवळचा नातेवाईक. तुमच्या हापिसातल्या प्रिंटरचं झाकण उघडा, आत लाल आणि निळी शाई नसतेच. सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी असते. प्रिंटर बनवणाऱ्यांना जांभळा छापायचा असतो, त्यांना वर्कशीटवर विसंबून चालत नाही.

पिवळ्यात निळा घातला की हिरवा येतो, कारण बहुतेक निळे रंग थोडासा हिरवा उजेड सोडतात आणि पिवळा तर सोडतोच. लाल-पिवळ्याचा नारंगीही सहज जमतो. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर येतात, म्हणून तिसरंही त्यांच्या मागून तिकीट न काढता आत शिरतं. 'लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की करून बघायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आणि ही काही गेल्या वर्षीची बातमी नव्हे. आपल्या त्र्यंबकला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके सिनेमाच्या आधी छपाईच्या धंद्यात होते. रविवर्म्याच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केलं, पुढे स्वतः छापखाना काढला, आणि १९०९ साली रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं ह्यांसाठी ते जर्मनीला जाऊन आले. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर चार वर्षांनी, १९१३ ला. तीन रंगांची छपाई म्हणजे एकाच चित्राचे तीन ठसे वेगवेगळे काढायचे, तीन शायांत एकावर एक छापायचे आणि त्यातून सगळे रंग उभे करायचे. छापखान्यातली माणसं त्या शायांना बोलताना लाल, पिवळी, निळी म्हणत असली तरी त्यांची लाल ही मॅजेंटाच्या घराण्यातली असायची. नाव राहिलं, शाई विसरली गेली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, नाशकातल्या पोरांच्या सहली तिथे जातात, डबे खाऊन परत येतात. रंग कसे मिसळतात हे ज्याने पोटासाठी शिकून घेतलं होतं त्याच्या गावात पोरांना चुकीचा मूळ रंग पाठ करून घेतला जातोय. असो.

आता तुम्ही म्हणाल, चार वर्षांच्या पोरांना मॅजेंटा शिकवायचा का? नाही हो! माझं भांडण लाल-मॅजेंटाचं नाहीच. सोपं करून सांगताना थोडं चुकीचं सांगावं लागतं हे मला मान्य आहे. पृथ्वी गोल म्हणतो आपण, ती धड गोल नाही. माझं भांडण अधिकच्या आणि बरोबरच्या चिन्हाशी आहे. रंग मिसळणं ही करून बघण्याची गोष्ट आहे. तिचं गणित करून, कागदावर छापून, उत्तर आधीच ठरवून ठेवलं की ती करून बघायची गरजच उरत नाही. आणि एखाद्या आगाऊ पोरीने करून बघितलंच तर तिच्या डोळ्यांना जे दिसलं ते चूक आणि छापलंय ते बरोबर, असा निकाल लागतो. चौथ्या वर्षी! अजून तिला बुटाची लेस बांधता येत नाही, आणि आपण तिला शिकवलंसुद्धा की डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो.

योगायोगाने त्याच दिवशी अकराला शाळेत पालकसभा होती. जिजूंची शिफ्ट होती, म्हणून ताईबरोबर मी गेलो. ताईने आधीच दम दिला होता, "तू तिथे तोंड उघडायचं नाहीस. तुझं काय, तू उद्या पुण्याला जाशील, मला रोज तिथे जायचंय." उघडलं अर्थातच. टीचर पंचविशीच्या असतील. मी वर्कशीटची मागची बाजू दाखवून म्हटलं, "मॅडम, तिने करून पाहिलं, तसा रंग आला नाही."

त्यांनी ते ठिगळ बघितलं. खरंच नीट बघितलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "सर, क्रेयॉनने नाही येत हो तसं, मला पण माहितीये. मी घरी वॉटरकलरने केलं होतं तर काळंच आलं. पण शीट्स वरून येतात आम्हाला. त्यांचं चेकिंग असतं. आणि मी ते बरोबर दिलं तर बाकीचे पेरेंट्स विचारतात, आमच्याने पर्पल केलं, मग हिचं चॉकलेटी कसं बरोबर?"

मला त्यांचा राग येईना. तीस पोरं, एक मावशी, एक बेसिन. राग आला तो माझ्या आजूबाजूला बसलेल्या आमच्यासारख्यांचा, आणि खरं सांगायचं तर माझाही. ताईच्या फोनवर पालकांचा ग्रुप आहे. मागे एकदा ह्याच टीचरनी पोरांना बोटांनी रंगवायला दिलं होतं. युनिफॉर्मवर डाग पडले. त्यावर ग्रुपवर दोन दिवस धुमश्चक्री चालली होती. एका सद्गृहस्थांनी लिहिलं होतं, आपण मुलांना शिकायला पाठवतो की रंगपंचमी खेळायला? त्याला सतरा अंगठे. त्यानंतर रंग बंद आणि वर्कशीट सुरू. कारण वर्कशीट घरी येतं. फाइलला लागतं. भरलेल्या फीच्या बदल्यात काय मिळालं ते हातात धरून दाखवता येतं. बाथरूममध्ये मातकट पाणी करून फेकून दिलं तर त्याची पावती कुठून आणणार? आपण सगळे आयटीवाले, बँकवाले, डॉक्टर. दिवसभर हापिसात डॅशबोर्ड बघतो, संध्याकाळी पोरांचाही हिरवा डॅशबोर्ड पाहिजे.

'सिलॅबसमध्ये आहे' हे तर दुसरंच. कुठला सिलॅबस? ज्युनिअर केजीला बोर्ड नाही, परीक्षा नाही, सरकारी सक्ती नाही. उलट २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय, आणि त्यासाठी २०२२ मध्ये आलेला आराखडा पानोपानी खेळातून, हाताळून, करून शिकण्याबद्दलच बोलतो. म्हणजे हे वर्कशीट कुणी मागितलेलं नाही. आपण मागितलंय.

बरं, ह्या शाळांच्या पाट्यांवर नाव कुणाचं असतं? मॉन्टेसरीचं. मारिया मॉन्टेसरी ह्या बाईंनी १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. रंगांसाठी त्यांच्याकडे साधन होतं रंगीत पट्ट्यांचं. पहिल्या पेटीत लाल, पिवळ्या, निळ्याच्या जोड्या, तिसऱ्या पेटीत नऊ रंगांच्या प्रत्येकी सात छटा, एकूण त्रेसष्ट पट्ट्या. मुलाने त्या गडदपासून फिक्यापर्यंत लावायच्या. चुकलं तर ओळ डोळ्याला खटकते, मूल स्वतःच उचलून बदलतं. लाल पेन घेऊन मागे उभं राहायला कुणी लागतच नाही. सगळी गंमत तिथे आहे. चूक वस्तू सांगते, बाई सांगत नाहीत. पाटीवर त्यांचं नाव लावून आत रडके चेहरे काढायचे म्हणजे विठ्ठलाच्या नावाने मटणाची खानावळ चालवण्यासारखं आहे.

आणि ती पेटी महाग पडते म्हणून अडून बसायचंही कारण नाही, कारण तो प्रश्न मराठी माणसांनी केव्हाच सोडवलाय. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. मग १९४५ मध्ये बोर्डी, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ पासून कोसबाडची टेकडी. तिथल्या आदिवासी पोरांना परदेशी लाकडी पेट्या कुठून आणायच्या? त्यांनी बिया, पानं, शंख, खडे, जे अंगणात मिळेल त्यातून साधनं बनवली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं राखायला गेली तर कुरणात नेली, ती कुरणशाळा. १९७५ मध्ये सरकारने देशभर जी बालविकास योजना सुरू केली तिच्या केंद्रांना आपण आज अंगणवाडीच म्हणतो. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचं पोर ज्या अंगणवाडीत जातं तिच्या मागे विचार कोसबाडचा आहे, आणि आपलं पोर ज्या एसी वर्गात जातं तिथे आहे झेरॉक्स मशीन. नीट विचार करा, कुणाची फसवणूक होतेय.

मला हे इतकं का लागलं, ते सांगतो. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला गोळा बांधून झोके मोजायचे आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. माझा आला नऊ पॉइंट एक. मी दोनदा केलं, पुन्हा तेवढाच. सरांकडे गेलो, तर त्यांनी वहीकडे न बघता सांगितलं, "नऊ पॉइंट आठ आण." कुठून आणू? मित्राने कोपऱ्यात नेऊन समजावलं की येड्या, उत्तरापासून मागे ये. शेवटचा आकडा आधी लिही, त्यावरून वेळ काढ, दोन-तीन रीडिंग इकडेतिकडे कर म्हणजे खरी वाटतात. सबमिशनच्या आदल्या रात्री आख्ख्या होस्टेलने सीनिअर्सच्या जर्नलवरून तेच केलं, मीही केलं, आणि सही मिळाली. माझा आकडा का चुकला होता हे मला आजतागायत माहीत नाही. दोरा मोजताना चुकलो असेन, गोळ्याचा मध्य धरला नसेन, घड्याळ उशिरा दाबलं असेन. त्यातलं एक जरी शोधून काढलं असतं तरी त्या दिवशी मी काहीतरी शिकलो असतो. चार वर्षं अशी जर्नलं भरली आणि पदवीला फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन मिळालं.

नोकरीतही तेच. आमच्याकडे प्रोग्रॅम बरोबर चालतो का बघायला टेस्ट लिहितात. रिलीजच्या आदल्या रात्री एखादी टेस्ट फेल होते. मग कुणीतरी हुशार माणूस प्रोग्रॅममधली चूक शोधण्याऐवजी टेस्टमधलं अपेक्षित उत्तरच बदलून टाकतो. सगळं हिरवं. सगळे घरी. मी हे दोनदा केलंय, एकदा पकडलो गेलोय. तेव्हा आमचा मॅनेजर म्हणाला होता की तुम्हा नव्या पोरांमध्ये प्रामाणिकपणाच नाही. मी तेव्हा मान खाली घातली. आता वाटतं, त्याला सांगायला हवं होतं की साहेब, ह्याचं ट्रेनिंग ज्युनिअर केजीपासून सुरू होतं, फार मन लावून घेतलेलं आहे.

मोबाइलवरच्या रंगांच्या गेम्सबद्दल बोलायला नको, तरी बोलतो. त्यात लाल डबा निळ्या डब्यावर ओढला की जांभळा येतो. दरवेळी. सांडत नाही, जास्त झालं कमी झालं काही नाही. तो मिसळलेला रंग नसतो, आमच्यासारख्या कुणीतरी लिहून ठेवलेली एक ओळ असते. त्यापेक्षा त्याच मोबाइलवर पिवळं चित्र लावा आणि काचेवर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगासारखा होतो, आणि आत दिसतं की पिवळा कुठेच नाहीये, नुसते लाल आणि हिरवे ठिपके आहेत. उजेडाचं मिसळणं वेगळं, रंगाचं वेगळं. चिऊने हे बघितल्यावर पंधरा मिनिटं घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर थुंकीचे थेंब टाकले. (तुमच्या जबाबदारीवर करा.)

घरात तर खजिना पडलाय. भाजीचा पिवळा डाग पडलेला रुमाल पांढऱ्या साबणाने धुवायला घ्या, डाग लालभडक होतो. पिवळा अधिक पांढरा बरोबर लाल! घाला वर्कशीटमध्ये. हळदीला साबणातला नाहीतर चुन्यातला क्षार भेटला की ती रंग बदलते, वरून लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. हळदीत चुना कालवून कुंकू करणाऱ्या आपल्या बायकांना हे कुठल्या टीचरनी सांगितलं नव्हतं. पानाचंही तेच, हिरवं पान, पांढरा चुना, तपकिरी कात, आणि तोंड लाल.

बरं, तुम्हाला लाल आणि निळ्यातून जांभळाच हवाय ना? तो मिळतो. आमच्या आईच्या कपाटात येवल्याची एक जुनी पैठणी आहे, धूपछाव. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे पदर हलला की रंग हलतो. ही नेमकी लाल-निळ्याची आहे, आणि लांबून बघाल तर जांभळी. त्या दुपारी आईने ती चिऊसमोर पलंगावर पसरली आणि मी फोनचा कॅमेरा मोठा करून तिला दाखवलं. जवळून एक धागा लाल, एक धागा निळा, जांभळा एकही नाही. धागे शेजारी शेजारी असतात, एकमेकांचं गिळत नाहीत. दोघांचा उजेड डोळ्यात येऊन मिसळतो. चिऊ पलंगापासून दारापर्यंत गेली, परत आली, परत गेली. असं आठ-दहा वेळा. मग म्हणाली, "लांबून पर्पल आहे. जवळून नाहीये." येवल्यातल्या विणकरांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक असलेली गोष्ट तिने चार फूट मागे सरकून शोधून काढली. ती सुद्धा चांदणी न देता.

आणि रंगपंचमीला हे शहर काय करतं? वर्षभर बुजवून ठेवलेल्या पेशवेकाळातल्या रहाडी उघडतात. तिवंध्याची पिवळी, शनी चौकातली गुलाबी, प्रत्येकीचा रंग ठरलेला. माणसं धप्पा मारतात आणि एका रहाडीतून निघून दुसरीकडे पळतात. घरी येईपर्यंत अंगावर कुठला रंग तयार झालाय ते कुणालाच आधी सांगता येत नाही. नाशिकच्या पोराला रंग मिसळणं शिकवायला कागद लागतो, ह्याच्यासारखा विनोद नाही.

तेव्हा मंडळी, फार काही करायचं नाहीये. पुढच्या पालकसभेत आपलं पोर रंगात कधी हात घालणार एवढं विचारा. आणि युनिफॉर्म खराब झाला म्हणून ग्रुपवर कुणी ओरडायला लागलं तर अंगठा देऊ नका, टीचरच्या बाजूने दोन ओळी लिहा. शनिवारी पोरांना लाल, पिवळा, निळा आणि राणी रंग द्या, जुना टीशर्ट घाला, आणि मुख्य म्हणजे तुम्ही गप्प बसा. 'बघ, आता हिरवा होईल हं' असं आधी सांगायचं नाही. ते सांगायची जाम खुमखुमी येते, मलाही आली होती. मातकट झालं तरी 'अरेरे, खराब झालं' म्हणायचं नाही. मातकट हाही रंगच आहे, अर्ध्या सह्याद्रीचा तोच आहे.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा ताईने फ्रिजवर नवं वर्कशीट लावलं होतं. तेच तीन प्रश्न, उजळणी म्हणून. लाल अधिक निळ्यापुढे रेषेबाहेर जराही न गेलेला सुबक जांभळा गोळा, आणि वर सोनेरी चांदणी.

मी विचारलं, "चिऊ, मिसळून बघितलंस का गं?"

"नाही. शाळेत पर्पल असतं." मग जरा थांबून, "घरी चॉकलेटी असतं."

ताई म्हणाली, "बघ, समजलं ना तिला? उगाच डोकं खात होतास." मला त्यावर काही बोलता आलं नाही. मलाही नऊ पॉइंट आठ असंच समजलं होतं.

ताईच्या बाथरूममध्ये चौथ्या टाइलवर राणी रंगाचा डाग आहे तो अजून गेलेला नाही. सोडा झाला, व्हिनेगर झालं, टाइल्सचं ॲसिड झालं. रोज आंघोळीच्या वेळी चिऊ त्यावर निळा साबण घासून बघते म्हणे. कुणाला काही उपाय माहीत असेल तर कळवा, ताईने माझ्याकडून टाइलचे पैसे मागितलेत.